एक स्थानिक दुभाषी

परवा त्या कादंबरीचं नवं मराठी भाषांतर हातात आलं. जाड पुठ्ठा, मागे लेखिकेचा फोटो आणि वीस पानांची प्रस्तावना. अमेरिकेतल्या त्या थोर बाईंचं बालपण, त्यांची दोन लग्नं, त्यांना मिळालेले मानसन्मान, जगातल्या किती भाषांत त्या वाचल्या जातात, सगळं तपशीलवार दिलेलं. महाड-पोलादपूरच्या त्यांच्या मुक्कामावरही एक परिच्छेद आहे. त्यात शेवटी लिहिलंय, 'एक स्थानिक दुभाषी सोबत होता.'

पाच शब्द. त्या स्थानिक दुभाष्याला नाव होतं. त्यांना सगळे रावजी मास्तर म्हणत. बाईंचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. ते पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. इथे नसलं म्हणून त्यांचं काही अडत नाही.

महाडच्या इंग्रजी शाळेत मी मराठी शिकवायचो आणि ते इंग्रजी. बुटका, काळासावळा माणूस. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, भर वैशाखातसुद्धा. जन्म पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. बाप मुंबईच्या गोदीत कामाला होता, त्यानं पोराला नेऊन मिशनच्या शाळेत घातलं. तिथे हा पोरगा इंग्रजी असं शिकला की मॅट्रिक झाल्यावर गोऱ्या साहेबांच्या हापिसात सहज चिकटला असता. पण आई डोंगर सोडून यायला तयार नव्हती, म्हणून ते परत आले आणि आमच्या शाळेत लागले.

भाषांतर हा त्यांचा धर्म होता, आणि त्या धर्मात माफी नव्हती. एका मुलानं 'ऊन फार होतं' एवढ्याच अर्थाच्या साध्या इंग्रजी वाक्याचं 'सूर्य आग ओकत होता' असं मराठी केलं. मास्तरांनी त्याला उभं केलं आणि विचारलं, ओकलेलं कुठे आहे ते पुस्तकात बोट ठेवून दाखव. मुलगा बिचारा पान शोधत राहिला. मी मराठीचा शिक्षक, मला त्या मुलाची दया आली. तसं मी बोलून दाखवलं. तर मला म्हणाले, "मी टपालवाला आहे. पाकीट फोडून आत आपल्या चार ओळी घालणं हे टपालवाल्याचं काम नव्हे."

गोरा अंमलदार तालुक्यात आला की मामलेदार मास्तरांना बोलावणं धाडत. बोलताना मास्तरांची एक लकब होती. डोळे मिटायचे आणि उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट गच्च धरायचे, नाडी बघितल्यासारखं. एकदा रस्त्याची आखणी करायला एक इंजिनियर साहेब पोलादपुरास आला. उन्हानं आधीच तापलेला, त्यात उमरठच्या शेतकऱ्यांनी बांधावरून रस्ता न्यायला हरकत घेतली. साहेबानं सगळ्यांना गाढव म्हटलं. दुसऱ्या कोणीही दुभाष्यानं ते गिळून टाकलं असतं. मास्तरांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "साहेब म्हणतात तुम्ही गाढवं आहात." त्यावर एक म्हातारा शांतपणे म्हणाला की गाढवाला निदान आपली वाट ठाऊक असते, ती विचारायला ते दुसऱ्याच्या शेतात येत नाही. मास्तरांनी तेही जसंच्या तसं साहेबाला पोचवलं. मामलेदार संतापले. साहेबानं मात्र आखणी बदलली आणि रस्ता बांधाच्या खालून गेला.

अशा माणसाकडे त्या बाई आल्या.

हिवाळ्याचे दिवस होते. डाकबंगल्यात त्यांचा तीन आठवडे मुक्काम पडला. पन्नाशीच्या, उंच, हसतमुख. कुणाच्याही ओटीवर पाय दुमडून बसायच्या, नाचणीची भाकरी मागून खायच्या. मला त्या आवडल्या होत्या, हे मी लपवत नाही. जिकडे जातील तिकडे एक निळी वही बरोबर असायची आणि मास्तर बोलायला लागले की त्या लिहायला लागत.

चवदार तळ्यावर जे झालं त्याला तेव्हा तीनेक वर्षं होऊन गेली होती. बाईंनी तळ्याबद्दल विचारलं. मास्तर त्यांना काठावर घेऊन गेले, मीही होतो. त्यांनी सगळं सांगितलं. ज्यांना गावानं पिढ्यान् पिढ्या या पाण्याला हात लावू दिला नव्हता ती माणसं रांगेनं चालत इथवर कशी आली, ओंजळीनं पाणी कशी प्याली, त्यानंतर गावातले लोक लाठ्या घेऊन त्यांच्यावर कसे धावून गेले आणि मग पंचगव्याच्या घागरी ओतून तळं कसं 'शुद्ध' करण्यात आलं. त्या घागरींतली एक आमच्या घरची होती. मी ते बोललो नाही. मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी चार पानं भरली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका वकीलसाहेबांनी बाईंना चहाला बोलावलं. वाचनालयाचे अध्यक्ष तेच. त्यांना इंग्रजी येत होतं, दुभाष्याची गरज नव्हती, तरी मास्तर कोपऱ्यात बसून होते. वकीलसाहेबांनी फार गोड शब्दांत विनंती केली की तळ्याचा विषय नाजूक आहे, कोर्टात आहे, परक्यांना त्यातून गैरसमज होईल. इथे डोंगर आहेत, शिवकाळ आहे, भोळीभाबडी खेडी आहेत, त्यावर लिहावं. बाईंनी मान डोलावली.

मग खेडी. मास्तर त्यांना कापड्याला आपल्या चुलतभावाच्या घरी घेऊन गेले. भाऊ मुंबईला गिरणीत. घरी त्याची बायको भागीरथी, मास्तरांची वहिनी. चार खाचरं भाताची, एक म्हैस आणि ती एकटी. तिनं बाईंना जेवू घातलं. बोलता बोलता बाईंनी विचारलं, मूलबाळ?

भागीवहिनी खरकटी ताटं गोळा करायला लागली. मास्तरांनी तिला सांगितलं की नको वाटत असेल तर सांगू नका. तिनं विचारलं, ही लिवून घेते ते कुठं जातं? मास्तरांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, नाव-गाव कुठेही येणार नाही, माझा शब्द. तो शब्द मास्तरांनी मराठीत केला आणि वर आपल्या पदरचं एक वाक्य घातलं, आयुष्यात पहिल्यांदा. "वहिनी, माझाबी शब्द."

मग तिनं सांगितलं. चार वर्षांची सगुणा. आषाढात ताप चढला. तिला पाठीशी बांधून ती पोलादपूरच्या वाटेला लागली, तिथून महाडच्या दवाखान्यात न्यायची म्हणून. वाटेत नदी दोन्ही काठ भरून चाललेली. पायी पार व्हायला उतार मिळेना. पलीकडच्या माणसांना हाका घातल्या, पण ऐकू जाईना. एक दिवस, एक रात्र आणि पुन्हा दुपारपर्यंत ती एका आंब्याखाली घोंगडी धरून बसली. पाणी ओसरलं नाही. पोर मांडीवर गेली. "नदीला दिली मी माझी पोर," असं ती शेवटी म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटून वाक्यागणिक सांगितलं. शेवटचं वाक्यही तसंच ठेवलं. पण बाईंनी पेन्सिल थांबवून पुन्हा विचारलं, म्हणजे नेमकं काय, आणि मास्तरांनी खुलासा केला की मुलगी तापानं गेली, आईच्या मांडीवर, काठावर. ही बोलायची रीत आहे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भागीवहिनीचे दोन्ही हात हातात घेतले. मी हे त्यावेळी मास्तरांकडून ऐकलं, तेव्हा मलाही वाटलं होतं की जगाच्या त्या टोकाची एक बाई आमच्या डोंगरातल्या बाईसाठी रडते, हे केवढं!

दोन वर्षांनी कादंबरी आली. बाईंनी एक प्रत मास्तरांना पाठवली होती, आत सही करून.

तळं त्यात आहे. कमळं फुललेलं, संध्याकाळी बायका हंडे भरतायत असं. तिथे कोणी चालून आलं नाही, कोणाला मार बसला नाही. उलट लेखिकेनं म्हटलंय की या देशातल्या माणसांना रागवताच येत नाही, ती फक्त सोसतात. पुस्तकात एक लाचार, खोटारडा दुभाषीही आहे, साहेबाला आवडेल तेवढंच सांगणारा. त्याचे डोळे बोलताना मिटलेले असतात.

आणि मधोमध, जिथे सगळ्या जगानं म्हणे रुमाल भिजवले, तिथे भागीरथी नावाची आई आहे, कापडे नावाचं गाव आहे आणि पुराला आलेली नदी आहे. ती आई पोटच्या आजारी पोरीला हळदकुंकू लावते आणि नदी शांत व्हावी म्हणून तिला जिवंतपणीच पाण्यात सोडते.

आमची खरी लाज बाईंनी झाकली आणि भागीवहिनीच्या माथी खोटी मारली. एवढं एका वाक्यात सांगता येतं. त्याला महान साहित्यकृती म्हणतात.

मास्तरांनी पुस्तक वाचलं आणि गप्प राहिले. इथे त्यांची चूक झाली आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही. कापड्यात वाचणारं कोण आहे, त्यातून इंग्रजी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण मुंबईच्या एका वर्तमानपत्रात कादंबरीचा सारांश मराठीत आला, गावाच्या आणि आईच्या नावासकट. गिरणगावात एकानं वाचलं, खोलीतल्या दहा जणांनी ऐकलं. दहाही जण पोलादपूरकडचे.

भागीवहिनी एका सकाळी शाळेच्या दाराशी उभी. पहाटेच निघून सर्व्हिस मोटारीनं आली होती. हातात नवऱ्याचं पत्र, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ते तिला गावात कुणाला दाखवायचं नव्हतं. मास्तरांनी मला थांबायची खूण केली. आम्ही तिघं रिकाम्या वर्गात बसलो. पत्रात चारच ओळी होत्या. मी तिथे नव्हतो, तू सांगितलंस ते मी मानलं. आता लोक वेगळं सांगतात. देवाला स्मरून लिही, तू पोर टाकलीस का?

मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं. मग कपाटातून पुस्तक काढलं, ते पान उघडलं, डोळे मिटायच्या ऐवजी तिच्याकडे बघत सगळं मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मला वाटत होतं त्यांनी थांबावं. हळदकुंकवापाशी तरी थांबावं. ते थांबले नाहीत.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावजी, तिला कळलं नाय, का तुमी सांगितलं नाय?"

या प्रश्नानं तो माणूस आतून खचला. 'नदीला दिली' हे वाक्य ते दिवसरात्र घोळवत बसले. आपण ते तसंच ठेवायला नको होतं का, खुलासा पुरेसा स्पष्ट केला होता का, त्यावेळी कोणता इंग्रजी शब्द वापरला, मला विचारत राहिले. मी म्हटलं, तुम्ही खुलासा केला होता, तुम्हीच मला सांगितलंत. पण माझ्या सांगण्याला काय किंमत. शेवटी त्यांनी बाईंना पत्र लिहिलं. रागाचा एकही शब्द नव्हता त्यात. एवढंच विचारलं होतं की माझ्या भाषांतरामुळे तुमचा गैरसमज झाला का?

पाच महिन्यांनी उत्तर आलं, बाईंच्या स्वतःच्या हातचं. मोठं प्रेमळ पत्र. मी पाहिलं आहे. त्यात त्यांनी लिहिलं होतं की तुमचं भाषांतर निर्दोष होतं, काळजी नसावी. मुलगी तापानं गेली हे मला पक्कं आठवतं, वहीत तसंच आहे. पण तापानं मुलं सगळीकडेच मरतात. कादंबरीला त्याहून मोठं काही हवं होतं. नावाचं म्हणाल तर भागीरथी हे नदीचंही नाव असल्याचं तुम्हीच सांगितलं होतं, ते सोडवेना. त्या भल्या बाईला माझा नमस्कार सांगा.

रावजी मास्तरांना मी त्या दिवशी पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं. आरडाओरड नव्हती. त्यांनी कोटाची वरची दोन बटणं काढली, गळा मोकळा केला आणि म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली असती तर मी वहिनीची क्षमा मागितली असती. आता मागायला माझ्याजवळ काही नाही."

पत्राचं भाषांतर करून त्यांनी मुंबईला भावाकडे पाठवलं. भाऊ शिमग्याला आला. दोन दिवस अंगणात बसला, तिसऱ्या दिवशी बायकोबरोबर त्या आंब्याखाली जाऊन आला. सगळं पटलं म्हणाला. आणि निघताना उंबऱ्यावर त्यानं तिला पुन्हा एकदा विचारलं, "खरंच नाय ना गो?"

ती आत जाऊन चुलीशी बसली. त्यानंतर तो गावी आला नाही.

एव्हाना महाडात त्या कादंबरीचा गौरव सुरू झाला होता. कुलाबा जिल्ह्यातलं हे आडबाजूचं गाव जगाच्या नकाशावर आलं, असं वकीलसाहेब भाषणांत म्हणत. थंडीत एखादी मोटार यायची, त्यातून गोरे प्रवासी उतरायचे आणि 'ती' नदी कुठे असं विचारायचे. मग एके दिवशी बाई गेल्याची बातमी आली. वाचनालयात शोकसभा ठरली. वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत घालून त्याला हार घातला होता. हॉल भरला होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. सतरंजीच्या कडेला रावजी मास्तर आणि त्यांच्या शेजारी पदर घट्ट लपेटून भागीवहिनी. तिला मास्तरांनी आणलं असं लोक पुढे बोलले. ते खोटं आहे. बातमी तिनं पोलादपूरच्या बाजारात ऐकली आणि मला तिथं घेऊन चला असं तीच म्हणाली.

तीन भाषणं झाली. एका वक्त्यानं नदीकाठच्या त्या प्रसंगाचं सविस्तर रसग्रहण केलं आणि म्हणाला, अशी अडाणी, पण अथांग माता केवळ आपल्या मातीतच जन्म घेते. मग वकीलसाहेब म्हणाले, बाईंना जवळून पाहिलेले रावजी मास्तर इथे आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत.

मास्तर उभे राहिले. म्हणाले, "मी जन्मभर एकाचं दुसऱ्याला सांगत आलो. आज त्याची गरज नाही. ह्या माझ्या वहिनींची भाषा तुम्हा सगळ्यांना कळते." आणि खाली बसले.

भागीवहिनी उठली. आवाज बारीक होता, पण पार पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोचत होता.

"मी कापड्याची भागी," ती म्हणाली. "माझी सगुना तापानं गेली. माझ्या मांडीवर गेली. मी तिला पान्यात टाकली नाय. या फोटूतल्या बाईला मी माझ्या हातची भाकर वाढली व्हती, तिला समदं ठावं व्हतं. तुमाला ठावं नव्हतं. आता तुमालाबी ठावं हाय."

एवढंच. ती खाली बसली नाही, उभीच राहिली, जणू कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.

पहिल्या रांगेत एकानं घसा साफ केला. वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की भगिनींच्या भावना आपण समजू शकतो, परंतु साहित्य आणि वास्तव यांत भेद करावा लागतो. आता आपण सर्व जण दिवंगत आत्म्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.

आणि हॉल उभा राहिला. त्या दोघांनी पाठ फिरवली आणि ते बाहेर पडले. मी उभा राहिलो. मान खाली घालून, इतरांसारखी, पूर्ण दोन मिनिटं. इतकी वर्षं झाली, त्या दोन मिनिटांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो वकीलसाहेबांवरचा नाही.

महिन्याभरात मास्तरांनी राजीनामा दिला. कापड्याला जाऊन राहिले. देवळाच्या ओवरीत मुलांना लिहायला-वाचायला शिकवत, मराठीच. भागीवहिनी त्यानंतर दोन पावसाळे जगली. तिचं सगळं मास्तरांनी केलं, असं ऐकलं. मी गेलो नाही. जायचं ठरवलं आणि गेलो नाही, असं चारदा झालं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका लग्नाच्या निमित्तानं उमरठला जाताना. मार्गशीर्षातली सकाळ. आमची बैलगाडी नदी उतरून पलीकडच्या चढाला लागली होती. मागे वळून पाहिलं तर उताराशी एक मोटार उभी, एक गोरा साहेब, त्याची मडम आणि त्यांच्यासमोर गुडघ्यापर्यंत धोतर वर घेतलेले रावजी मास्तर. अंगात कोट नव्हता, सदरा होता. केस पार पांढरे झालेले. ते काहीतरी सांगत होते, हात त्या आंब्याच्या झाडाकडे होता. पाण्याच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मडम हसून मान हलवत होती. साहेबानं कॅमेरा वर केला, आधी झाडाकडे, मग मास्तरांकडे.

गाडीवानानं विचारलं, थांबवू का. मी नको म्हटलं.

मास्तर बोलायचे थांबले. दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेवर आपला पंजा ठेवला. साहेब काही बोलला. त्यानं कॅमेरा एकदा मागे ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. मडम मोटारीत जाऊन बसली. बैल चढ चढत होते, गाडी वळणाला आली, आणि तो हात अजून तिथेच होता.